ब्रेक पॅड वारंवार झिजण्याची समस्या: काम स्वतः करावे की डीलरकडे द्यावे?

मोटारसायकलचे ब्रेक पॅड बदलून फार दिवस झालेले नसतात आणि तरीही लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज चाकातून पुन्हा येऊ लागतो, तेव्हा बहुतेकांचा संशय आधी पॅडच्या प्रतीवर आणि मग ते बसवणाऱ्याच्या हातावर जातो. त्यातूनच प्रश्न उभा राहतो, की आता हे काम शिकून स्वतः करावे की डीलरच्या सर्व्हिस सेंटरवरच सोपवावे. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याआधी काढलेले जुने पॅड हातात घेऊन नीट पाहिले पाहिजेत. ब्रेकमध्ये काय बिघडले आहे हे त्या दोन तुकड्यांवर स्पष्ट उमटलेले असते, आणि ते न पाहता नवी जोडी बसवली तर ती कोणीही बसवली तरी तितक्याच लवकर झिजते.

माझ्या बाइकची पुढची मूळ जोडी सुमारे १८,००० किलोमीटर चालली. दुसरी जोडी ७,००० किलोमीटरच्या आतच संपली आणि तिसरी त्याहूनही लवकर. दोन्ही वेळा काम सेवाकेंद्रात झाले होते आणि दोन्ही बिलांवर पॅड आणि मजुरी एवढ्याच दोन नोंदी होत्या. तिसऱ्या वेळी मी जुने पॅड मागून घेतले. एका पॅडवर अजून जवळजवळ ३ मिमी थर शिल्लक होता आणि दुसऱ्याची लोखंडी पाठ थेट डिस्कला घासत होती. एकाच कॅलिपरमधील, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या चिमट्यासारख्या भागातील, दोन पॅडमध्ये इतका फरक पडतो तेव्हा पॅडच्या प्रतीचा संबंध उरत नाही, कारण दोन्ही पॅड एकाच पाकिटातून आलेले असतात. दोष कॅलिपरच्या हालचालीत असतो.

दोष कुठे निर्माण होतो

बहुतेक मोटारसायकलींवर सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन डिस्कच्या एकाच बाजूला असतात. लिव्हर दाबला की पिस्टन आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन स्लाइड पिनांवरून किंचित सरकून पलीकडचा पॅडही ओढून घेतो. या पिना रबरी बुटांच्या आत, ग्रीसमध्ये, बोटाने सहज हलाव्यात इतक्या मोकळ्या असाव्या लागतात. बूट फाटला, आत पाणी गेले, ग्रीस सुकले किंवा पिनेवर गंज चढला, की कॅलिपर सरकेनासा होतो. मग पिस्टनकडचा पॅड एकटाच राबतो आणि लवकर संपतो. उलट, कॅलिपर कसाबसा सरकून दाब पोहोचवतो पण लिव्हर सोडल्यावर मागे येत नाही, अशी स्थिती असेल तर पलीकडचा पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि तोच आधी झिजतो. पॅड कोणत्या बाजूचा झिजला हे म्हणूनच काढतानाच खुणेने नोंदवून ठेवावे. बाकावर ठेवल्यानंतर ते आठवत नाही.

पिस्टनची गोष्ट थोडी अधिक समजून घेण्यासारखी आहे, कारण ही समस्या पुन्हा पुन्हा का उद्भवते याचे मूळ तिथे आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकताना हे सील थोडे पिळले जाते आणि दाब सुटला की मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतके मागे खेचते. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे घेण्यासाठी निराळी स्प्रिंग नसते. हे सीलच ते काम करते. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन सीलमधून घसरत थोडा थोडा पुढे येतो आणि त्यामुळे ब्रेकला हाताने अॅडजस्टमेंट करावी लागत नाही. परंतु त्याच वेळी पिस्टनचा अधिकाधिक भाग उघडा पडतो आणि त्यावर पॅडची काळी भुकटी, चिखल आणि गंजाचा पापुद्रा साचतो. आता नवे जाड पॅड बसवायचे म्हणजे पिस्टन मागे ढकलणे आले. तो पुसल्याशिवाय तसाच ढकलला, तर साचलेला सगळा मळ सीलच्या ओठावरून आत जातो; पिस्टन जड होतो, सील त्याला मागे खेचू शकत नाही, पॅड डिस्कला सतत हलके टेकून राहतात आणि नवी जोडी पहिल्या दिवसापासून विनाकारण झिजू लागते. पुढच्या वेळी तेच पुन्हा घडते, आणि दर खेपेला मळ वाढत जातो.

नुसते पॅड बदलण्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि पिस्टन व पिना साफ करून बदलण्याला तासभर तरी लागतो. माझ्या मते स्वतः आणि डीलर यांच्यातील खरी निवड या जास्तीच्या वेळेभोवती फिरते: तो वेळ कोण देणार आहे, हे पाहावे.

उघडण्याआधीची तपासणी

चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवा. डिस्कवर पॅडची हलकी सरसर ऐकू येणे स्वाभाविक आहे. आता लिव्हर घट्ट दाबून सोडा आणि लगेच पुन्हा फिरवा. चाक आधीइतकेच मोकळे फिरले पाहिजे. ते एक-दोन फेऱ्यांतच अडखळून थांबत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाही. दुसरी चाचणी अशी, की सुरक्षित आणि मोकळ्या रस्त्यावर तो ब्रेक शक्यतो न वापरता काही किलोमीटर बाइक चालवावी आणि थांबल्यावर डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. थेंब चुरचुरून उडून गेले तर डिस्क ब्रेक न लावताच तापली आहे. डिस्कला बोट लावून पाहू नये. तिच्यावर हात भाजण्याइतकी उष्णता सहज असते.

ब्रेक पकडून राहिलेला आहे, परंतु दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हर दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या भागात) आहे की खाली कॅलिपरमध्ये हे कळत नाही, अशा वेळी एक उपाय नेमके उत्तर देतो. चाक पकडलेले असतानाच कॅलिपरच्या ब्लीड निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी लावून निपल किंचित सैल करावे. थोडे ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक झटकन मोकळे झाले, तर दाब वर कुठेतरी अडकून राहत होता: मास्टर सिलिंडरमधील परतीचे बारीक छिद्र तुंबले असेल किंवा जुना रबरी पाइप आतून फुगून ऑइल परत येऊ देत नसेल. निपल सैल करूनही चाक पकडलेलेच राहिले, तर पिस्टन किंवा स्लाइड पिन जाम आहे. चाचणी झाल्यावर निपल घट्ट करून लिव्हरचा ताठरपणा तपासावा.

ऑइलची डबीही उघडून पाहावी. पॅड झिजत जातात तशी डबीतील पातळी खाली येते आणि हे नैसर्गिक आहे. झिजलेल्या पॅडवर कोणी ती काठोकाठ भरून ठेवली असेल, तर नवे पॅड बसवताना मागे ढकललेल्या ऑइलला जागाच उरत नाही. ते ओसंडून बाहेर येते, किंवा गरम होऊन प्रसरण पावले की ब्रेक आपोआप दाबला जातो. वारंवारच्या झिजेचे हे एक साधे आणि नेहमी दुर्लक्षिले जाणारे कारण आहे.

मागच्या ब्रेकचे पॅड पुढच्यापेक्षा बरेच आधी संपत असतील, तर पेडलची उंची आणि मोकळीक आधी तपासावी. चालवताना पाय नकळत पेडलवर विसावत असेल तर मागून येणाऱ्या व्यक्तीला ब्रेकचा दिवा सतत पेटलेला दिसतो. एकदा कोणाला तरी मागून पाहायला सांगावे. जोडब्रेकच्या बाइकवर एक लिव्हर किंवा पेडल दोन्ही चाकांना ब्रेक लावते, तेथे मागचे पॅड तुलनेने लवकर झिजणे हा दोष असेलच असे नाही.

पॅडवरच्या खुणा

पॅडचा एक टोकाकडचा भाग जाड आणि दुसरा पातळ, असा तिरका उतार पडला असेल तर पॅड आपल्या जागेत वाकडा बसतो आहे. अशा वेळी पॅड ज्या पिनेवर लोंबतो त्या पिनेवर खाच पडलेली आढळते, किंवा पॅड दाबून धरणारी पत्र्याची स्प्रिंग उलटी बसवलेली असते. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॅड अति तापला आहे किंवा सतत हलका घासत राहिला आहे. दोन्ही पॅड सारखेच आणि लवकर पातळ झाले असतील तर दाब वर अडकतो आहे का, हे वरील पद्धतीने पाहावे. तेलकट, काळपट डाग असतील तर पुढच्या बाजूला फोर्कचे ऑइल सील आणि मागच्या बाजूला चेनवर फवारलेले वंगण, हे दोन नेहमीचे उगम. तेल प्यालेला पॅड धुऊन, घासून किंवा तापवून पुन्हा भरवशाचा होत नाही. तो टाकून द्यावा आणि गळती थांबवल्याशिवाय नवा बसवू नये.

जाडीविषयी थोडक्यात: अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत घर्षणाच्या थराची किमान मर्यादा १ ते १.५ मिमीच्या दरम्यान असते आणि पॅडमधील खाच बुजली की ती मर्यादा आली असे समजतात. मी २ मिमीवरच बदलतो, कारण त्याखाली एका पॅडने दगा दिला तर डिस्कही खराब होते. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. ती मोजताना साध्या व्हर्नियरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकतात आणि माप खोटे मोठे येते. मायक्रोमीटरने घासल्या जाणाऱ्या पट्ट्यात, तीन-चार ठिकाणी मोजावे.

काम स्वतः करायचे असेल तर

बाइक सपाट जागी स्टँडवर पक्की उभी करावी. कॅलिपर फोर्कवर घट्ट बसलेला असतानाच पॅड पिन अर्धा आटा सैल करून घ्यावी. कॅलिपर हातात आल्यावर ती सुटत नाही आणि एलन कीचे तोंड गोल होऊन बसते. कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नये, तारेने किंवा दोरीने बांधून ठेवावा. स्प्रिंग आणि पॅडमागचा पत्रा कोणत्या दिशेने बसले आहेत याचे छायाचित्र घ्यावे. पॅडची भुकटी हवेने उडवू नये. ती फुप्फुसांना घातक आहे. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्यावी.

जुने पॅड काढल्यावर पिस्टनसमोर लाकडाची चपटी पट्टी धरून लिव्हर अगदी हळू दाबावा आणि पिस्टन काही मिलिमीटर बाहेर आणावा. पट्टी नसताना लिव्हर दाबला तर पिस्टन पूर्ण बाहेर पडू शकतो आणि मग संपूर्ण प्रणालीतून हवा काढण्याचे काम वाढते. उघडा झालेला भाग ब्रेक क्लीनर किंवा साबणाचे पाणी आणि नायलॉनच्या ब्रशने, मागच्या बाजूसह चारही अंगांनी स्वच्छ करावा. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरू नये, कारण सीलचे रबर त्याने फुगते. सँडपेपर तर लावूच नये. पिस्टन स्वच्छ झाल्यावर त्यावर खड्डे किंवा मुलामा सोललेला दिसला, तर येथे थांबून पिस्टन आणि सील दोन्ही बदलण्याचा निर्णय घ्यावा. असा पिस्टन कितीही पुसला तरी पुन्हा अडकतो. पिस्टन चांगला असेल तर त्यावर ताज्या ब्रेक ऑइलचा हात फिरवून तो सरळ, तिरका न होऊ देता, हाताने किंवा जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने मागे ढकलावा. त्या वेळी वरच्या डबीकडे लक्ष ठेवावे आणि पातळी चढली तर सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे. टाकीवर ओले फडके अंथरलेले असावे. ब्रेक ऑइल रंग खाते; थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

यानंतर स्लाइड पिना. त्या पूर्ण बाहेर काढून जुने, घट्ट झालेले ग्रीस पुसावे, बूट फाटलेला असेल तर बदलावा, आणि पिनेवर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. येथे एक चूक फार सर्रास होते आणि तीच समस्येला परत घेऊन येते: चाकाच्या बेअरिंगला लावतात ते नेहमीचे ग्रीस पिनांना लावले जाते. खनिज तेलापासून बनलेल्या त्या ग्रीसने रबर फुगते आणि काही महिन्यांत पिन आधीपेक्षा घट्ट जाम होते. ग्रीस फार भरूही नये. छिद्रात कोंडलेल्या ग्रीसमुळे पिन तळापर्यंत जात नाही. माझ्या बाइकच्या दोन पिनांपैकी खालची पिन काढायला त्या दिवशी पाऊण तास लागला. तिच्यावर ग्रीसचा मागमूसही नव्हता, तपकिरी गंज तेवढा होता.

पॅड पिनेवर खाच असेल तर नवी घ्यावी. एका चाकावर दोन डिस्क असतील तर दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी बदलावेत. पॅडचा प्रकार बाइकच्या पुस्तिकेप्रमाणे निवडावा. सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड भाजून केलेले पॅड अधिक टिकतात आणि ओल्यातही चांगली पकड देतात, परंतु डिस्क अधिक झिजवतात. ऑर्गॅनिक पॅड मऊ आणि शांत असतात आणि तुलनेने लवकर संपतात. पॅडच्या पाठीवरील दोन अक्षरे घर्षणाची श्रेणी सांगतात, पहिले थंड आणि दुसरे तापलेल्या स्थितीतील. ‘एचएच’ ही वरची श्रेणी पकडीविषयी असते. त्यावरून पॅड किती किलोमीटर टिकेल हे कळत नाही.

बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतील आकड्यावरच आवळावेत. अॅल्युमिनियममधील आटे अंदाजाने आवळले की कधीतरी निघून येतातच. चाक काढले असेल तर एक्सलचे बोल्ट पूर्ण आवळण्याआधी फोर्क काही वेळा दाबून सोडावेत, म्हणजे डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येते.

बाइक हलवण्याआधी लिव्हर ताठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा. पिस्टन मागे ढकललेले असल्यामुळे पहिल्या काही दाबांना लिव्हर थेट हँडलला टेकतो आणि ब्रेक मुळीच लागत नाही. हे विसरून बाइक उतारावर ढकलली जाते तेव्हा अपघात होतात, म्हणून चावी लावण्यापूर्वी लिव्हर हाताने तपासणे हा नियम पाळावा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, मध्ये डिस्क थंड होऊ देत, दहा-पंधरा वेळा वेग कमी करावा आणि पहिले २०० ते ३०० किलोमीटर गरज नसताना जोराचा ब्रेक टाळावा. नवा पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांना पूर्ण पृष्ठभागाने टेकायला एवढा अवधी लागतो.

डीलरकडे केव्हा न्यावे

ऑइलची गळती असेल, पिस्टनवर खड्डे असतील, डिस्क किमान जाडीखाली गेली असेल किंवा ब्रेक लावताना लिव्हर हाताखाली धडधडत असेल, तर काम सेवाकेंद्राकडेच द्यावे. एबीएस असलेल्या बाइकवर नुसते पॅड बदलायला काही अडचण नसते. परंतु एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर अनेक बाइकवर ती काढण्यासाठी आतील झडपा चालवणारे निदानयंत्र लागते आणि ते घरी नसते. वॉरंटी चालू असेल तरीही कामाची लेखी नोंद उपयोगी पडते. आणि ज्यांनी आजवर टॉर्क रेंच हातात धरलेला नाही, त्यांनी पहिला प्रयोग पुढच्या ब्रेकवर एकट्याने करू नये. जाणकाराला शेजारी उभे करावे.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस बहुतेक उत्पादक करतात, ते कामही याच भेटीत करून घ्यावे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मानकाची अट १५५ अंशांवर येते. पॅड सतत घासत असतील तर कॅलिपर तापतो, आणि पाणी मुरलेले ऑइल त्या उष्णतेत उकळून वाफ झाली की लिव्हर एकाएकी पोकळ होतो. तेच पाणी पिस्टनला आतून गंजवते. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची एकाच कुळातील ऑइल आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे आहे आणि नावातील साम्यामुळे ते या तिघांत मिसळण्याची चूक होते. ती करू नये.

डीलरकडे ‘पॅड बदला’ एवढेच सांगू नये, कारण मग तेवढेच होते, आणि त्यात मेकॅनिकचा दोष नसतो. त्याला दिलेला वेळच तेवढा असतो. मी त्यानंतर एकदा बाइक तेथे दिली तेव्हा जॉब कार्डवर तीन ओळी लिहून घेतल्या: स्लाइड पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावणे, पिस्टन बाहेर घेऊन साफ केल्यावरच मागे ढकलणे, आणि काढलेले पॅड कोणते आतले आणि कोणते बाहेरचे अशी खूण करून परत देणे. या कामाची वेगळी मजुरी लागते आणि ती द्यावी. सेवाकेंद्र ते लिहून घ्यायला तयार नसेल, तर तेथे कॅलिपर साफ होणार नाही असे गृहीत धरून दुसरी जागा शोधावी किंवा वरील पद्धतीने काम स्वतः करावे.

काम कोणीही केलेले असो, १,००० किलोमीटरनंतर बॅटरीच्या उजेडात कॅलिपरच्या फटीतून दोन्ही पॅड एकदा पाहावेत. दोन्हींचा थर सारखा दिसला तर पिना आणि पिस्टन मोकळे आहेत. एवढ्या अंतरातच डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला असेल, तर आणखी झिजेची वाट न पाहता कॅलिपर पुन्हा उघडावा आणि आधी ज्या बाजूचा पॅड पातळ झाला आहे ती बाजू तपासावी.